थंडी बाधली, हे सोबत्याला आधी कळते

आपल्या जिल्ह्यात पारा आठ-नऊ अंशांवर उतरला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, शाळांच्या वेळा बदला अशी मागणी होते आणि वर्तमानपत्रात ‘थंडीचा कडाका’ या मथळ्याखाली बातमी येते. शून्याखालची थंडी आपल्यापैकी बहुतेकांनी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालण्यापुरतीच अनुभवलेली असते. परंतु गेल्या काही वर्षांत हिवाळा जवळ आला की माझ्या दवाखान्यात मंडळी एक वेगळाच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो. तो मित्रांच्या गटाबरोबर शनिवार-रविवार डोंगरात बर्फावर चालायला जातो, हे फोनवर ऐकून आईची झोप उडालेली असते. कुणी स्वतःच सहलीबरोबर मनालीला निघालेले असतात आणि रक्तदाबाची गोळी तिकडे चालू ठेवायची का, हे विचारायला आलेले असतात.

या दोघांनाही मी प्रथम जे सांगते, तेच आज जरा सविस्तर लिहिते. ताप आला तर अंग तापते, पोट दुखले तर आपण कळवळतो. आजाराची वर्दी आजाऱ्याला स्वतःलाच मिळते. थंडीच्या बाधेचे तसे नाही. शरीराच्या आतले तापमान दोन-तीन अंशांनी उतरले की मेंदूचे काम मंदावते आणि ‘मला काही झालेले नाही’ असे त्या माणसाला अगदी मनापासून वाटू लागते. बर्फात सोबती हवेत ते यासाठी. आपली अवस्था ओळखणारे डोळे तिथे दुसऱ्याच्या तोंडावर असतात.

पायाला बांधलेले सूप

ताजा बर्फ भुसभुशीत असतो. नुसत्या बुटांनी पाय टाकला तर तो गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. चिखलणी केलेल्या भातखाचरातून जो चालला असेल त्याला याची थोडी कल्पना येईल. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. लाकूड वाकवून लांबट चौकट करायची, तीत कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची आणि ती पायाला बांधायची. हाच स्नोशू. दिसायला टेनिसच्या रॅकेटसारखा. आपल्या भाषेत सांगायचे तर पायाला सूप बांधल्यासारखा. आता चौकट ॲल्युमिनियमची किंवा सगळा जोडाच प्लास्टिकचा असतो आणि घसरू नये म्हणून तळाला धातूचे दाते असतात.

यातला हिशेब सोपा आहे. ७० किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याचा भार बुटाच्या साधारण २५० चौरस सेंटिमीटर तळव्यावर पडतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २८० ग्रॅम. स्नोशूचे क्षेत्रफळ बाराशे चौरस सेंटिमीटरच्या घरात असते. तिथे तोच भार ६० ग्रॅमच्या आत येतो. पाय थोडासा दबतो, पण रुतत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक पर्वताच्या उंच भागात ८ इंच किंवा त्याहून जास्त बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की बांधल्याशिवाय वाटेवर जाता येत नाही, असा सरकारी नियमच आहे. रुतणाऱ्या पायांनी पडलेले खड्डे रात्री गोठून टणक होतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळतो.

चालण्यात कौशल्य फारसे नाही, दहा मिनिटांत कुणालाही जमते. कष्ट मात्र आहेत. सपाटीवर बऱ्यापैकी वेगाने फिरणारा ७० किलोचा माणूस तासाला अडीचशे ते तीनशे उष्मांक खर्च करतो. स्नोशू बांधून मध्यम गतीने चालताना हाच खर्च साडेतीनशेच्या पुढे जातो आणि चढावर जोर लावला तर सातशेपर्यंत पोहोचतो. पायात बांधलेले एक किलो वजन पाठीवरच्या चार-पाच किलोंइतके दमवते. शिवाय पाय फाकवून चालावे लागत असल्याने जांघेतले स्नायू दुसऱ्या दिवशी चांगलेच बोलू लागतात. तेव्हा जाणाऱ्याने महिना-सव्वा महिना आधीपासून रोज पाऊण तास भरभर चालावे आणि जिने चढावेत. आदल्या आठवड्यात व्यायामाला लागण्याचा काहीही उपयोग होत नाही, उलट पाय आधीच आखडतात.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी मुलीकडे बोस्टनजवळ राहायला गेले होते. तिच्या ओळखीच्यांचा नऊ जणांचा गट, त्यात निम्मे मराठी, दोन दिवसांसाठी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत निघाला आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. बोस्टनहून मोटारीने दोन-सव्वादोन तासांचा रस्ता आहे. या रांगेतले सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, उंची ६,२८८ फूट. आपले कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे फरक जेमतेम नऊशे फुटांचा. एवढ्याशा डोंगराचे काय मोठे, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु १२ एप्रिल १९३४ रोजी या शिखरावर ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता आणि ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तिथले तापमान शून्याखाली ४४ अंश सेल्सिअसवर गेले. वाऱ्यासह धरले तर ती थंडी शून्याखाली ७८ अंशांइतकी होती. डोंगराची उंची पाहून थंडीचा अंदाज बांधू नये, एवढ्यासाठी हे आकडे दिले.

आम्ही अर्थातच त्या शिखराच्या वाटेला गेलो नाही. फ्रँकोनिया नॉच नावाच्या खिंडीतून लोनसम लेक या गोठलेल्या तळ्याकडे एक जंगलवाट जाते. दीड मैलाच्या आसपासची वाट, चढ सुमारे हजार फुटांचा. हवा शून्याखाली ९ अंश. झाडीत वारा नव्हता तोवर मला ती थंडी सुखाचीच वाटली. वाऱ्याने सगळे गणित बदलते. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो. शून्याखाली १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीची उष्णता शून्याखाली २० अंशांच्या शांत हवेत जावी तितक्या वेगाने जाते.

गटाची शिस्त मला आपल्या दिंडीची आठवण करून देणारी होती. पहिल्याला ताजा बर्फ तुडवून वाट करावी लागते, मागच्यांना ती मळलेली मिळते. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पहिला बाजूला होऊन शेवटी जाई. सर्वांत मागे मात्र एकच व्यक्ती ठरलेली, गटातली सर्वांत अनुभवी बाई. तिच्या मागे कुणीही राहायचे नाही. आणखी एक नियम होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. नेहमी काय होते, की पुढचे लोक थांबतात, पाणी पितात, दम खातात. मागचा धापा टाकत पोहोचला की ‘चला, आले सगळे’ म्हणून पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. या गटात शेवटचा माणूस पोहोचल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटे कुणी उठत नसे. गडावर मुलांना नेणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षकांनीही हे करून पाहायला हरकत नाही.

एकत्र निघा, एकत्र राहा, एकत्र परत या, असा नियम न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरात जाणाऱ्यांना शिकवला जातो. तिथला कायदाही कडक आहे. निष्काळजीपणाने कुणी अडकला आणि सुटकेसाठी पथक पाठवावे लागले, तर त्याचा खर्च त्या माणसाकडून वसूल करता येतो.

घामाने येणारी थंडी

बर्फात माणूस गारठतो तो कपडे कमी पडल्यामुळे, अशी आपली समजूत असते. बऱ्याचदा उलट घडते. जास्त कपडे घालून चढ चढल्याने दरदरून घाम येतो, कपडे आतून ओले होतात आणि माणूस थांबला की ते ओले कपडे त्याची उष्णता ओढून घेऊ लागतात. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. शिवाय घाम वाळताना दर लिटरमागे ५८० उष्मांक अंगातून नेतो. उन्हाळ्यात हेच आपल्याला वाचवते, बर्फात हेच घात करते.

यात सर्वांत वाईट कपडा म्हणजे आपला आवडता सुती. सुती बनियन आणि जीन्स पाणी धरून ठेवतात व लवकर वाळत नाहीत. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा कपडा, त्यावर उबेसाठी लोकरीचा किंवा फ्लीसचा, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असे तीन थर असावेत. एकच जाडजूड स्वेटर नको, कारण तो अर्धा काढता येत नाही. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे; पाच मिनिटांत अंग तापतेच. थांबल्याबरोबर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, एक कपडा चढवावा. पिशवीत सुका गंजीफ्रॉक, टोपी, हातमोजे आणि पायमोजे जास्तीचे असावेत. घट्ट बुटात दोन-दोन पायमोजे कोंबू नयेत. रक्तपुरवठा दबतो आणि बोटे अधिकच गार पडतात.

त्या शनिवारी आमच्यात एक तरुण अभियंता होता. जाकीट उत्तम, महागाचे. पण आत सुती बनियन आणि खाली जीन्स. चढावर तो सर्वांच्या पुढे, गाणी म्हणत. तळ्यापाशी झाडी संपली आणि मोकळ्या बर्फावरून वारा अंगावर आला. छायाचित्रे काढण्यात वीस मिनिटे गेली. त्याच्या मैत्रिणीच्या प्रथम लक्षात आले की हा थट्टेला उत्तर देत नाही. मग त्याच्या हातातून मोजा पडला आणि तो उचलायला तो वाकलाच नाही. जाकिटाची चेन त्याला लावता येईना. मी त्याला अंगठा करंगळीला टेकवायला सांगितले, जमले नाही. बर्फावर रेघ ओढून टाचेपुढे टाच ठेवत चालायला सांगितले, तो बाजूला झुकला. “काकू, मी बरा आहे, माझ्यामुळे कुणी थांबू नका,” असे तो म्हणाला, पण ‘थांबू’ हा शब्द त्याच्या तोंडून सरळ निघाला नाही.

ही सौम्य हायपोथर्मियाची लक्षणे होत. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३५ ते ३२ अंशांपर्यंत माणूस कुडकुडतो, अडखळतो, बरळतो, त्याच्या हातातून वस्तू निसटतात, तो चिडचिड करतो किंवा एकदम गप्प होतो. ३२ च्या खाली गुंगी येऊ लागते आणि कुडकुडणे हळूहळू थांबते. हे थांबणे पाहून ‘आता बरे वाटतेय’ असे समजणारे फसतात. कुडकुडणे ही शरीराची शेगडी आहे. ती विझू लागलेली असते. काही जण या अवस्थेत गरम होते आहे म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात. २८ अंशांखाली शुद्ध हरपते आणि हृदयाची लय बिघडण्याचा मोठा धोका असतो.

थर्मामीटर लावून पाहू, असे कुणी म्हणेल. घरातल्या साध्या तापमापकाची पट्टी ९४-९५ फॅरनहाइटपासूनच सुरू होते. तो ताप मोजण्यासाठी बनवलेला आहे, उतरलेले तापमान त्याला दाखवताच येत नाही. तेव्हा अंगठा-करंगळी आणि टाचेपुढे टाच या दोन परीक्षा पाठ करून ठेवाव्यात. दर तासाला एकमेकांच्या घ्याव्यात. मुलांना त्यात गंमतही वाटते.

त्या तरुणाला आम्ही वाऱ्याआड झाडीत नेले. पाठपिशवी आणि त्यावर फोमची चटई टाकून बसवले, कारण बर्फावर नुसते बसले तर खालूनही उष्णता जाते. ओले बनियन काढून कोरडे लोकरीचे घातले, टोपी बदलली, दोघांची जास्तीची जाकिटे पांघरली. थर्मासमधले गरम, भरपूर साखरेचे लिंबूपाणी आणि शेंगदाण्याची चिक्की दिली. कुडकुडायला इंधन लागते आणि ते साखरेतून लवकर मिळते. अर्धा तास त्याला उठू दिले नाही. तेवढ्यात तो सडकून कुडकुडला आणि मग त्याची जीभ मोकळी झाली. दोघांच्या मध्ये त्याला चालवत आम्ही खाली आलो. संध्याकाळी तळ्यावरचे बरेचसे त्याला आठवत नव्हते. ‘थोडा दमलो होतो’ एवढेच तो सांगत होता.

अवस्था याहून बिकट असेल, माणूस गुंगीत असेल, तर मात्र त्याला चालवू नये, अंग चोळू नये, तोंडात काही घालू नये. आडवे ठेवावे, अगदी हळुवार हलवावे, कारण धक्क्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. ओले कपडे कापून काढावेत, गुंडाळावे, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या काखेत व छातीशी ठेवाव्यात आणि मदत बोलवावी. गार पडला, नाडी लागत नाही, म्हणून संपला असे ठरवण्याची घाई करू नये. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेमध्ये ॲना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर स्की करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली सुमारे ८० मिनिटे अडकली. रुग्णालयात आणले तेव्हा तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश होते आणि हृदय बंद होते. ती वाचली आणि पुढे डॉक्टर म्हणून कामालाही लागली.

येथे ब्रँडीविषयी बोललेच पाहिजे. ‘थंडीत औषधापुरती घ्यावी’ हे वाक्य मी इतक्या सभ्य गृहस्थांकडून ऐकले आहे की त्याचे आता हसू येते. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीवर येते, ऊब वाटते आणि ती ऊब हवेत निघून जाते. वाटणे आणि असणे यातला हा फरक आहे. शिवाय कुडकुडणे कमी होते आणि समज आणखी मंदावते. रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर ज्याला जे करायचे ते त्याने करावे, वाटेवर मुळीच नाही.

पाण्याचीही हयगय होते. थंडीत तहान कमी लागते, पण लघवी जास्त होते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडून रक्त आत ढकलले जाते आणि मूत्रपिंडांना वाटते की पाणी जास्त झाले. श्वासातल्या वाफेवाटेही पाणी जाते. दर अर्ध्या तासाला चार घोट प्यावे. बाटली उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. बर्फ खाऊन तहान भागवू नये. एक किलो बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराचे ११५ हून जास्त उष्मांक खर्ची पडतात.

बर्फाने चोळू नका

नाक, कान, गाल, हातापायांची बोटे ही शरीराची टोके. शरीर आतले अवयव वाचवण्यासाठी टोकांचे रक्त आधी कमी करते आणि तिथले मांस गोठू शकते. यालाच हिमदंश म्हणतात. आधी झिणझिण्या, मग दुखणे, आणि मग दुखणे थांबते. ही थांबण्याची वेळ धोक्याची. जागा पांढरी-पिवळसर, मेणासारखी दिसते. आपले नाक आपल्याला दिसत नाही, तेव्हा येथेही सोबत्यानेच सांगायचे असते. सुरुवातीलाच लक्षात आले तर गरम तळहात नाकावर धरून किंवा बोटे काखेत घालून दहा-पंधरा मिनिटांत रंग परत येतो.

हिमदंशावर बर्फ चोळावा ही समजूत अजून जिवंत आहे आणि तिचा उगम मोठ्या माणसापाशी जातो. नेपोलियनचा शल्यवैद्य डॉमिनिक लारे १८१२ च्या रशियातून माघारीत सैन्याबरोबर होता. रात्री शेकोटीला पाय लावून बसलेल्या सैनिकांचे पाय दुसऱ्या दिवशी चालताना पुन्हा गोठत आणि सडत, हे त्याने पाहिले. त्याचे निरीक्षण बरोबर होते. पण शेकोटीला दोष देऊन त्याने बर्फ चोळायला सांगितले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे जगभर तेच चालले. १९६० च्या सुमारास अलास्कातले डॉ. विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात लवकर वितळवण्याची पद्धत रुजवली, तीच आज वापरतात. पाणी ३७ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे कोपराला कोमट लागेल एवढेच. त्यात पंधरा ते तीस मिनिटे बुडवून ठेवावे. चोळू नये, शेकू नये. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. आणि भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो वितळवूच नये. गोठलेल्या पायावर चालत उतरणे परवडते, वितळून पुन्हा गोठलेला पाय हातचा जातो.

डोळ्यांचे थोडक्यात सांगते. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. ढगाळ दिवशीही चष्मा लागतो, तोही बाजूने झाकलेला. चष्मा न लावणाऱ्याला दिवसभर काही होत नाही; सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन पाणी वाहते. अंधार आणि गार पट्ट्या यांनी दोन-तीन दिवसांत बरे वाटते. डोळे चोळू नयेत.

कोणी विचारून जावे

थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो आणि त्यात चढाचे कष्ट. चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही, हे त्या मनालीवाल्या गृहस्थांना दिलेले उत्तर सर्वांनाच लागू आहे. मात्र काही गोळ्यांनी हातपाय जास्त गार पडतात, काहींनी लघवी वाढते. आपली कोणती, ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

मधुमेहींचे पाय बधिर असतील तर हिमदंशाची पहिली सूचनाच मिळत नाही. त्यांनी दर थांब्याला बूट काढून पाय पाहावेत किंवा अशी सहल टाळावी. इन्सुलिन गोठले की निकामी होते, नंतर वितळले तरी वापरू नये. ते आतल्या खिशात, अंगाशी ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्रही तिथेच ठेवावे, गारठ्यात ते चालत नाही. दमेकऱ्यांना थंड कोरड्या हवेने धाप लागते. त्यांनी नाका-तोंडावर मफलर घ्यावा आणि पंपही आतल्या खिशात ठेवावा, कारण गार पडलेल्या पंपातून औषध नीट उडत नाही. थायरॉइड कमी असलेल्यांना थंडी लवकर बाधते. गोळी चुकवू नये.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक भर घातली पाहिजे. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात हवा विरळ होण्याचा प्रश्न नव्हता, इकडे तो आहे. मनाली साधारण ६,७०० फुटांवर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोटारीने थोड्याच वेळात पलीकडे सिस्सूला, दहा हजार फुटांवर, जाता येते. उत्तराखंडातले केदारकंठा शिखर तर साडेबारा हजार फुटांचे आहे आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची कितीतरी तरुण मुले गटाने तिथे जातात. आठ हजार फुटांच्या वर डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे यांपैकी काही सुरू झाले तर आणखी वर चढू नये. माणूस झोकांड्या देऊ लागला, बरळू लागला तर ते थंडीमुळे की विरळ हवेमुळे, हे तिथे ठरवत बसू नये. ऊब द्यावी आणि लगेच खाली न्यावे, रात्र असली तरी. सोबत सहल कंपनीचा माणूस असतोच, पण दहा-वीस जणांवर त्याचे एकट्याचे डोळे किती पुरणार? जोड्या लावाव्यात, ज्याने-त्याने आपल्या जोडीदाराकडे पाहावे.

मुक्कामाच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपण्याची चाल डोंगराळ भागात आहे. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याने सगळी खोली एकाच वेळी गुंगते, त्यामुळे इथे जोडीदाराचा काही उपयोग होत नाही. शेगडी झोपण्यापूर्वी विझवून खोलीबाहेर ठेवावी, खिडकीची एक फट रात्रभर उघडी ठेवावी आणि एक रजई जास्त मागून घ्यावी.